भुईची क्षमा कशी मागायची?

मित्रहो, मागच्या वेळी आपण ‘पवित्र’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ. प्रश्न साधा आहे. कारखान्यांनी नासवलेली जमीन, नासवलेलं पाणी विधीनं, कलेनं बरं होतं का?

आळंदीची इंद्रायणी बघा. पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणी आणि रसायनं नदीत उतरतात, पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. त्याच पाण्यात वारकरी स्नान करतो, काठावर आरती होते. त्याला फेस दिसत नाही असं नाही. त्याच्या लेखी नदी घाण होऊ शकते, अपवित्र होऊ शकत नाही. हे श्रद्धेचं बळ आहे, आणि आपली टीकाही इथूनच सुरू होते. जी कधी बिघडतच नाही, तिला बरं करायची गरज कोणाला वाटणार? आरतीत नदीची थोरवी येते. तिच्यात घाण कुठून आली, ते येत नाही.

आता कोणी म्हणेल, विधीकडून एवढी अपेक्षा कशाला? तर ती अपेक्षा आपल्याच परंपरेची आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा केवढा विचार झाला आहे! मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे उपाय सांगताना ‘ख्यापन’ आणि ‘अनुताप’ हे शब्द येतात. ख्यापन म्हणजे केलेलं चारचौघांत बोलून दाखवणं. त्या ग्रंथाशी आपलं भांडण आहे, ते राहणारच. पण हा मुद्दा त्यातून उचलण्यासारखा आहे. नुसता दिवा लावून भागत नाही, काय केलं ते आधी बोलावं लागतं.

कलेलाही हीच कसोटी लावू. 1991 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे मेल चिन या कलावंतानं ‘रिव्हायव्हल फील्ड’ नावाचं काम सुरू केलं. जागा कोणती, तर जड धातूंनी बाधलेली कचराभूमी. रुफस चेनी हे शेतीशास्त्रज्ञ सोबतीला. कुंपणाच्या चौकोनात वर्तुळ आखलं आणि जमिनीतले जस्त-कॅडमियम शोषणारी झाडं लावली. चिनचं म्हणणं असं, की शिल्पकार दगडातून नको तेवढं काढतो, इथे मातीतून विष काढायचं. काम लहान आणि संथ होतं, पण विष कुठे आहे हे त्यात लपवलेलं नव्हतं. म्हणून आपण त्याला सजावट म्हणत नाही.

हे झालं लांबचं. आपण तुळजापुरात बसलोय, तेव्हा आपल्या शिवारात येऊ. आपल्याकडे वेळ अमावस्या आहे. कडब्याची खोप करायची, पाच पांडव मांडायचे, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, रानभर आंबील शिंपडायची, आणि येईल त्याला जेवू घालायचं. भुईचे उपकार मानणारा इतका देखणा विधी दुसरा कोणता असेल? पण हा विधी धडधाकट भुईचा आहे. मळीपासून अल्कोहोल काढताना लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर काळपट, आंबूस पाणी उरतं. नियमानं त्याचा थेंबही बाहेर पडता कामा नये. ते ओढ्यात सुटलं, विहिरीत झिरपलं, तर त्या विहिरीच्या मालकानं अमावस्येला कशाचे आभार मानायचे?

इथे एक अवघड गोष्ट आपल्यालाच बोलावी लागेल. साखर कारखाना परक्याचा नसतो. ऊस आपला, सभासद आपण, उसाचं बिल आपल्याच खात्यावर. विहीर मात्र शेजाऱ्याची. म्हणून ख्यापन जड जातं. नदीला ‘आई’ म्हणणं सोपं आहे. ‘हे पाणी आमच्या पैशातून आलंय’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मग विधी टाकून द्यायचा का? मुळीच नाही. अर्ज एकटा माणूस करतो आणि एकटाच थकतो. विधी सगळ्यांना एका जागी आणतो, दरवर्षी आणतो. आपल्या गोंधळात गोंधळी संबळाच्या तालावर गावोगावचे देव नावानिशी बोलावतो. नाव घेऊन बोलावणं ही आपल्या कलेची जुनी ताकद आहे. ती इथे वापरू. पांडवांपुढे आंबिलीच्या बिंदग्याशेजारी त्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली ठेवू, तपासणीचा कागदही ठेवू. जेवायला कारखान्याच्या संचालकांना बोलावू, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना बोलावू. वेळ अमावस्येला आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. आणि जेवायला बसलेल्याला समोरची बाटली दिसल्याशिवाय राहत नाही.

माती विधीनं शुद्ध होत नाही. ती बरी होते घाण थांबवून, वर्षानुवर्षं राबून. विधीनं व्हायचं ते एवढंच, की त्या राबण्यापासून कोणाला तोंड लपवता येऊ नये. एवढं ज्या विधीनं साधेल, तो आपला. बाकीच्याला आपण उत्सव म्हणू, आणि उत्सवालाही आपली ना नाही. फक्त त्याला औषध म्हणू नये.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.