सारचा कौल

सीमातंट्यांचा निकाल लोकमतानें लावावा, हें तत्त्व पहिल्या महायुद्धानंतर सर्वांच्याच तोंडीं होतें. तें अमलांत कसें आणावें हें मात्र फार थोड्यांनीं मन लावून पाहिलें. त्यांपैकीं सारा वॉम्बॉ या अमेरिकन विदुषी एक. सार प्रांतांतील लोकमतावरील त्यांचें पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां फ्रान्स आणि जर्मनी पुनः एकमेकांशीं लढत होते!

बाईंचा अधिकार दांडगा. टॅक्ना-अरिकाच्या तंट्यांत त्या पेरू सरकारच्या सल्लागार होत्या, आणि सारमध्यें तर राष्ट्रसंघाच्या मतदान-मंडळाच्याच तांत्रिक सल्लागार. म्हणजे ज्या कार्याचें परीक्षण करावयाचें त्यांत परीक्षकाचाहि हात. तरीहि सोबत जोडलेल्या अधिकृत कागदपत्रांमुळें वाचकास स्वतःचें मत बनवितां येतें, हा पुस्तकाचा मोठा गुण होय.

खरा रस तपशिलांत आहे. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या दिवशीं, २८ जून १९१९ रोजीं, जो सारचा रहिवासी होता त्यालाच मताधिकार. मग पुढें तो कोठेंहि गेलेला असो. पंधरा वर्षांपूर्वींचीं माणसें हुडकून याद्या करणें कांहीं सोपें नव्हे. बंदोबस्तास इंग्लंड, इटली, स्वीडन व हॉलंड यांचे मिळून सुमारें ३,३०० शिपाई आले; फ्रान्सचा वा जर्मनीचा त्यांत एकहि नव्हता. १९२० सालीं विल्नाकरितां असेंच सैन्य धाडण्याचा बेत झाला होता, तो कागदावरच विरला. येथें मात्र १३ जानेवारी १९३५ चें मतदान सुरळीत पार पडलें. जर्मनीस ४,७७,११९ मतें, राष्ट्रसंघाचीच सत्ता चालू ठेवण्यास ४६,५१३, आणि फ्रान्सला अवघीं २,१२४.

मतपेटी सुरक्षित होती, यांत संशय नाहीं. मतदार होता काय? हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षें होत आलीं होतीं, आणि ‘जर्मन फ्रंट’चा दाब गल्लोगल्लीं जाणवत होता. सारचे लोक भाषेनें व मनानें जर्मनच. धाक नसता तरी कौल बहुधा हाच लागता. पण त्या सेहेचाळीस हजारांचें काय? सूड न घेण्याचें जर्मनीचें अभिवचन कागदोपत्रीं होतें. १ मार्च १९३५ रोजीं प्रांत जर्मनीच्या हवालीं झाला. तत्पूर्वींच आंतरराष्ट्रीय सैन्य परतलें होतें, आणि हजारों माणसें फ्रान्सची सरहद्द ओलांडून गेलीं.

यादी, पेटी व मोजणी यांविषयीं पुढें असला प्रयोग करणारास हें पुस्तक हाताशीं ठेवावेंच लागेल. त्याच्या शेजारीं त्या निर्वासितांच्या हकिगतीहि त्यानें ठेवाव्यात.