रेकॉर्डिंगची वही आणि महाडचे पाणी

समाजकार्याच्या पदवीसाठी लिहिलेल्या माझ्या सात वह्या होत्या. 2005 च्या पुरात महाडच्या घरी पाणी शिरले तेव्हा त्यांतल्या पाच गेल्या. उरलेल्या दोन माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्यांतली एक पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर मी महिनाभर केलेल्या ग्रामीण फील्डवर्कची आहे. साल 1996. डाव्या बाजूला समास, वर तारीख, 'भेटीचा हेतू', 'निरीक्षण', 'हस्तक्षेप', 'पुढील नियोजन' असे मथळे, आणि पानापानावर पर्यवेक्षकांची लाल शाईतली सही. समाजकार्याच्या भाषेत याला 'रेकॉर्डिंग' म्हणतात. दर आठवड्याला ते द्यायचे, त्यावर 'आय.सी.'मध्ये, म्हणजे विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांच्या एकास एक बैठकीत, चर्चा व्हायची आणि त्यावर गुण मिळायचे.

महाराष्ट्रातल्या समाजकार्य महाविद्यालयांत दरवर्षी अशी हजारो पाने लिहिली जातात. आपल्याकडे दलित आत्मकथनांवर, ग्रामीण कथेवर, अगदी जाहिरातींच्या भाषेवरही समीक्षा झाली. माणसांच्या घरात शिरून त्यांच्याबद्दल लिहिलेल्या या पानांकडे मात्र लेखन म्हणून कोणी पाहत नाही, कारण ती छापली जात नाहीत. या पानांनी माणूस पाहायला शिकलेली मंडळी पुढे बालकल्याण समितीत, रुग्णालयात, कंपन्यांच्या सीएसआर विभागात बसतात आणि कोणाला काय मिळावे हे सुचवतात. म्हणून मी ही वही एखादे पुस्तक वाचावे तशी वाचायचे ठरवले. लेखिका मीच असल्यामुळे कोणाला वाईट वाटण्याचा प्रश्न नाही.

या लेखनप्रकाराचे मूळ अमेरिकेत आहे. मेरी रिचमंड यांचे 'सोशल डायग्नोसिस' 1917 मध्ये निघाले. दानधर्माला शिस्त लावावी, मदत मागणाऱ्याची परिस्थिती पुराव्यानिशी तपासावी आणि मग निदान करावे, ही त्यामागची भूमिका. 'निदान' हा शब्दच वैद्यकातून उचललेला. आपल्याकडे ही विद्या क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यामार्फत आली. 1920 च्या दशकात ते मुंबईत नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये काम करत होते. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. त्यानंतर मुंबईत 1955 मध्ये निर्मला निकेतन, पुण्यात 1963 मध्ये कर्वे समाज सेवा संस्था आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालये. इमारती बदलल्या, शिकवणारे बदलले, वही तीच राहिली.

आता वहीतले एक वाक्य देते. मूळ इंग्रजीत आहे, कारण आमच्याकडे त्या वेळी रेकॉर्डिंग इंग्रजीत लिहायचा दंडक होता. मराठीत ते असे होईल : 'सदर कुटुंबाचे समुदायाशी समायोजन झालेले नसून कुटुंबप्रमुखाच्या हेकेखोर स्वभावामुळे सामाजिक विलगता दिसून येते.' समासात लाल शाईत शेरा आहे : 'चांगले निरीक्षण.'

खरी गोष्ट अशी होती की त्या कुटुंबाला गावकीने वाळीत टाकले होते.

रायगड आणि रत्नागिरीच्या आतल्या पट्ट्यातल्या वाचकाला 'गावकी' समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. वाडी म्हणजे वीस-पंचवीस घरे, बहुधा एकाच भावकीची. कर्ते पुरुष मुंबईत, गावात म्हातारी माणसे, बाया आणि मुले. देवळाचा खर्च, पालखी, लग्नातली भांडी, मयताला लागणारी माणसे, यातले काहीच एकट्याने होत नाही. ते गावकी चालवते आणि म्हणूनच तिच्या हातात दंड असतो. वर्गणी थकली, जमिनीचा वाद कोर्टात नेला, बैठकीत कोणी उलटून बोलले, की घर वाळीत. त्या घराशी बोलायचे नाही, त्यांच्या चुलीवरचे खायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. बोलणाऱ्यालाही दंड. मोडणारा आणि मोडलेला अनेकदा एकाच आडनावाचे असतात.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी महाडची, माझे आजोळ पोलादपूर तालुक्यातले. 'वाळीत' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. तरी वही उघडली की तो शब्द हातून लिहिला जात नसे. इंग्रजीत त्याला सरळ प्रतिशब्द नव्हता एवढेच कारण नाही. 'वाळीत टाकले' या क्रियापदाला कर्ता लागतो. कोणीतरी टाकले. 'समायोजन झालेले नाही' याला कर्ता लागत नाही. माझ्या वहीतली ऐंशी टक्के वाक्ये अशीच आहेत : 'दिसून येते', 'आढळले', 'अभाव आहे'. शिक्षणाचा अभाव आहे, जागरूकतेचा अभाव आहे, संवादाचा अभाव आहे. कोणी काय केले, हे कुठेच नाही.

वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2016 मध्ये मंजूर केला आणि 2017 मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याआधी 1949 चा मुंबई राज्याचा एक कायदा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला. म्हणजे 1996 मध्ये त्या घराच्या बाजूने असा कायदा नव्हता. पण म्हणून माझे वाक्य निर्दोष ठरत नाही. कायदा व्हायला रायगडमधली प्रकरणे कोणीतरी 'बहिष्कार' या नावाने पुढे आणावी लागली. माझ्यासारखीच्या वहीतून ती 'समायोजनाची समस्या' म्हणून बाहेर पडली असती, तर कायदा कशाविरुद्ध करणार?

आमच्या अभ्यासाला फेलिक्स बिस्टेक यांचे 'द केसवर्क रिलेशनशिप' होते, 1957 चे. त्यातली सात तत्त्वे आजही समाजकार्याचा कोणीही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवील. स्वीकार, व्यक्तीनुरूप विचार, गोपनीयता वगैरे. पुस्तक मनापासून लिहिलेले आहे, मला ते आजही आवडते. पण त्यात एक खोली गृहीत धरली आहे : दार लागते, दोन खुर्च्या, समोरचा एकटा. वाडीवर मी पडवीत बसले की पाच मिनिटांत शेजारची सासू, तिची नात आणि दोन कोंबड्या हजर. एकीला प्रश्न विचारला की उत्तर तिघी देत आणि त्यांच्यात वाद होई. वाळीत टाकलेल्या घरी मात्र मला ती पुस्तकातली खोली मिळाली. तिथे कोणीच आले नाही. 'आज गोपनीयता पाळता आली,' असे मी त्या दिवशी समाधानाने लिहिले आहे. हे वाक्य वाचताना मला अजून घाम फुटतो.

'निर्णायक भूमिका न घेणे' हे आणखी एक तत्त्व. समोरच्याला दोषी ठरवू नये, हा त्याचा अर्थ. माझ्या वहीत ते गावकीच्या बाबतीत काटेकोर पाळलेले आहे. कुटुंबप्रमुखाला मात्र हेकेखोर म्हणायला मी मागेपुढे पाहिले नाही. तत्त्व सगळ्यांना सारखे लावले तरी ते ज्याच्या हातात दंड आहे त्याच्याच उपयोगी पडते, हे मला फार उशिरा कळले.

येथे महाडचा विषय काढणे भाग आहे. आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात 'समुदाय संघटन' हा स्वतंत्र पेपर होता. मरे रॉस यांचे 1955 चे पुस्तक होते, सॉल अलिन्स्की होते, जेन अॅडम्स यांचे शिकागोचे हल हाउस होते. चवदार तळे नव्हते. मी महाडची मुलगी शिकागोतल्या वस्तीचे टिपण पाठ करत होते आणि तळे माझ्या शाळेच्या वाटेवर होते.

1927 कडे संघटनाची प्रक्रिया म्हणून पाहिले तर किती सामग्री आहे! रायबहादूर बोले यांचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव 1924 चा, आणि तरीही कोणी पाणी भरू शकत नव्हते. कागद आणि पाणी यांच्यातले हे अंतर कापायला दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे विशीतले कार्यकर्ते गावोगाव हिंडले. बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना चहा-पाणी मिळावे म्हणून महाडात दुकान निघाले त्यामागेही मोरे यांची धडपड होती. संघटनाची जागा कशी निवडावी, यावर मी वाचलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हे दुकान भारी आहे. 19 आणि 20 मार्चच्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. अंदाजपत्रकातली ही एक बाब साऱ्या 'गरजांच्या सर्वेक्षणा'पेक्षा जास्त सांगते. सोबतीला अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस होते. मिरवणूक तळ्यावर गेली, पाणी प्यायले गेले, मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, मारहाण, आणि उलट हात उचलू नका हे डॉ. आंबेडकरांचे सांगणे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली.

समाजकार्याचे शिक्षण याकडे पाहतच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. टाटा संस्थेचे 1962 ते 1982 संचालक असलेले प्रा. म. स. गोरे यांनी पुढे आंबेडकरांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो 1993 मध्ये आला. तो समाजशास्त्राच्या कपाटात राहिला. फील्डवर्कच्या मार्गदर्शिकेत त्याचे बोट उमटले नाही. गेल्या काही वर्षांत टाटा संस्थेत दलित आणि आदिवासी अभ्यासावर स्वतंत्र समाजकार्य पदवी निघाली, आनंद तेलतुंबडे यांचे महाडवरचे पुस्तक 2016 मध्ये आले. आता नव्या प्राध्यापकांना सामग्री नाही असे म्हणता येणार नाही.

एवढे लिहिल्यावर वही फेकून द्यावी असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी तो काढत नाही, आणि त्याचे कारणही महाडनेच दिले.

तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्ण वादींचे अपील फेटाळले. कशावर? अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही यावर. समतेच्या तत्त्वावर नव्हे. निकाल कोरडा आहे, पण तो नोंदी आणि साक्षी यांच्यावर उभा आहे. 'सगळ्यांना माहीत आहे' हे न्यायालयाला पुरले नाही. मुंबईतली समाजकार्याची शाळा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.

दुसरे कारण जवळचे. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गेले, 80 हून अधिक माणसे. त्याच दिवसांत पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. अशा वेळी कोण घरात होते, कोण मुंबईला होते, घर कोणाच्या नावावर, रेशनकार्डात किती नावे, याची नोंद असणे म्हणजे मदत मिळणे. कित्येक घरांचे कागद घरांबरोबर मातीत गेले होते. 2021 मध्ये मी काही विद्यार्थ्यांना घेऊन मदतकेंद्रावर बसले, तेव्हा ज्या मुलांना नुसते नीट विचारून नीट लिहिता येत होते त्यांचा उपयोग सर्वांत जास्त झाला. 'शोकाच्या अवस्था' लिहिणाऱ्यांचा कमी. एका मुलीने घराघराची यादी केली, नातेवाईक सांगतील त्याच शब्दांत : 'धाकटी सून, माहेरी गेली होती, म्हणून आहे.' रेकॉर्डिंगच्या दृष्टीने या वाक्याला गुण नाहीत. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याने तेच मागून घेतले.

म्हणजे भांडण लिहिण्याशी नाही, कर्ता गाळून लिहिण्याशी आहे. आमच्याकडे ते व्यावसायिक तटस्थतेचे लक्षण मानले जाते. मला ती भीती वाटते. विद्यार्थ्याला गुण हवे असतात, महाविद्यालयाला ती संस्था पुढच्या वर्षीही फील्डवर्कसाठी हवी असते, संस्थेला गावात काम करायचे असते आणि गावात गावकी असते. 'विलगता दिसून येते' हे वाक्य या सगळ्यांना चालते.

त्याच पावसानंतर, दिवाळीच्या सुमारास, मी वही घेऊन त्या वाडीवर गेले. अर्धी घरे बंद. त्या घरातला कर्ता पुरुष वारला होता, त्याची बायको पडवीत भात पाखडत होती. तिने मला ओळखले नाही, मी आजोळचे नाव सांगितल्यावर ओळखले. वही दाखवली तशी म्हणाली, "काय लिवलंस बाय आमचं, वाच की."

मी इंग्रजीतून मराठी करत वाचू लागले. 'समायोजन' आले तेव्हा थांबले आणि म्हणाले, "इथं मी चुकले, आजी. वाळीत टाकलं असं लिहायला हवं होतं."

"मग लिव आता," ती म्हणाली. मी पेन काढले, लाल शाईच्या शेऱ्याखाली लिहिले. ती सूप बाजूला ठेवून माझ्या हाताकडे पाहत होती.

"आणि विहिरीचं?" तिने विचारले.

"विहिरीचं काय?"

"विहीर बंद केलेली ना आमाला. दोन उन्हाळे मी खालच्या वहाळावरून पाणी आणलं. तू आलेलीस तवा पन आणत व्हते. तुला त्याच पान्याचा च्या दिला."

मी महिनाभराची सगळी पाने उलटून पाहिली. चहाचा उल्लेख तीन ठिकाणी होता.