‘स्नायू’ आणि ‘बंध’ : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

क्रीडापटूंच्या गुडघ्याला होणाऱ्या दुखापतींविषयी मराठीत अलीकडे विपुल लिहिले जाते. वृत्तपत्रांतील वार्ता, आरोग्यविषयक स्तंभ आणि रुग्णांच्या हाती पडणारी माहितीपत्रके या तिन्ही ठिकाणी एका ठराविक धाटणीचे विधान वारंवार आढळते : खेळाडूच्या गुडघ्याचा स्नायू फाटला व शस्त्रक्रियेने तो जोडण्यात आला. या विधानातील नाम चुकीचे आहे आणि शेवटचे क्रियापदही चुकीचे आहे. फाटतो तो स्नायू नसतो. आणि जे फाटलेले असते ते बहुधा जोडले जात नाही.

पहिल्या चुकीला मोठा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायू नऊशे सांगितले असून पेशी पाचशे सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा गट आणि स्नायू म्हणजे सांध्यांना बांधून ठेवणारे तंतुमय बंधन. फळ्या अनेक बंधनांनी आवळलेल्या असल्या तरच नाव भार वाहते, तसे शरीर स्नायूंच्या बळावर भार सोसते, हा तेथील दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पुढे शब्दांनी जागा बदलल्या. मराठीत ‘स्नायू’ मांसाकडे सरकला आणि ‘पेशी’ सजीवाच्या सूक्ष्म घटकाला देण्यात आली. हिंदीत ‘मांसपेशी’ जुन्या अर्थाजवळ राहिली, परंतु ‘स्नायु’ मज्जातंतूच्या अर्थाने रूढ झाला. परिणामी चंद्रपूर-गडचिरोलीच्या टापूत, जेथे मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी व माडिया यांची सरमिसळ नित्याची आहे, तेथे हा एक शब्द ऐकणाराच्या भाषेप्रमाणे मांस किंवा नस यांचा बोध करून देतो. मूळचा जो अर्थ येथे हवा, तो मात्र कोणालाच होत नाही.

अर्थांतर हा भाषेचा स्वभाव आहे आणि त्याबद्दल खंत करणे व्यर्थ होय. आक्षेप आहे तो त्याच्या व्यावहारिक परिणामाला. मांस फाटले तर रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे ते विश्रांतीने पुष्कळ अंशी भरून येते, हा सर्वांचा अनुभव आहे. गुडघ्याच्या पोटातील पुढचा फुलीबंध, म्हणजे मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना आतून बांधणारा बंध, पूर्ण तुटला तर सहसा असा भरून येत नाही. सांध्यातील द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि टोके सांधणारा पूलच तयार होत नाही. ‘स्नायू’ हा शब्द ऐकणारा खेळाडू मालिश करवून घेतो. सूज काही आठवड्यांत ओसरते, सरळ चालता येते, आणि तो पुन्हा मैदानात उतरतो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याजवळ पडून अविनाश साबळे याच्या गुडघ्याला अशीच इजा झाली, तेव्हा मुंबईच्या शस्त्रक्रियागृहापर्यंतची वाट त्याच्यासाठी मोकळी होती. वार्ताहराचा शब्द चुकला असता तरी उपचार चुकले नसते. नागपूरपासून गडचिरोलीच सुमारे १७० किलोमीटर, आणि भामरागड त्याच्याही कितीतरी पलीकडे. तेथल्या कबड्डीपटूच्या बाबतीत शब्द हाच पुष्कळदा पहिला सल्लागार असतो.

विशेष हे की लोकभाषेजवळ या इजेचे अचूक वर्णन आहे. विदर्भात गुडघ्याला टोंगळा म्हणतात; झाडीबोलीत ळकाराचा रकार होत असल्याने टोंगरा. तो ‘मुरगळला’ आणि तो ‘सटकतो’ या दोन क्रियापदांत बोलणारा भेद करतो. मुरगळणे ही एकदा घडलेली घटना, सटकणे ही पुनःपुन्हा येणारी अस्थिरता. चढाई करणारा पाय रोवून गर्रकन वळतो आणि टोंगळा त्याला दगा देतो, हे फुलीबंध तुटल्याचे शल्यचिकित्सकांना सुपरिचित असे लक्षण आहे. माहितीपत्रकांच्या लेखकांनी हे क्रियापद ग्राम्य म्हणून टाळावे, ही गोष्ट अनाकलनीय आहे.

दुसरी चूक ‘जोडणे’ या क्रियापदाची. १८९५ साली मेयो रॉब्सन यांनी तुटलेले फुलीबंध टाके घालून शिवल्याचे केलेले कथन वैद्यकाच्या इतिहासात नोंदले आहे, आणि त्या काळाला ‘जोडणे’ शोभले असते. १९१७ मध्ये हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या आवरणाची पट्टी वापरून नवा बंध रचला. आज मांडीच्या मागील कंडरा किंवा वाटीखालची कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवितात. हे सारे ‘स्नायू काढून स्नायूला स्नायू जोडला’ असे छापले जाते, तेव्हा वाचकाने काय समजावे?

या क्रियेला मराठीत ‘कलम’ हा शब्द आयता उपलब्ध आहे. संत्र्याची कलमे बांधणाऱ्या विदर्भात तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आणि येथे तो केवळ सोयीचा नसून शास्त्रदृष्ट्या नेमका आहे. बसविलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा प्रथम तुटतो. तिच्यातील पेशी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या शिरून ती हळूहळू बंधाचे रूप घेते. मधल्या काळात, शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास, ती अत्यंत दुबळी असते. नेमक्या याच वेळी वेदना ओसरलेली असते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. ‘जोडला’ म्हटले की काम संपले. ‘कलम केले’ म्हटले की जीव धरेपर्यंत त्याला हलवायचे नाही, हे ओघानेच येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन-अमेरिकन अभ्यासात मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबविले, तितके दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. नऊ महिन्यांचा संयम ज्या शब्दाने शिकवावयाचा, तो शब्द निष्काळजीपणे निवडण्याचा अधिकार लेखकाला नाही.

याचा अर्थ संस्कृतप्रचुर परिभाषेकडे धाव घ्यावी असा नव्हे. ‘अस्थिबंध’ हा शब्द निर्दोष आहे. परंतु त्यामागे ‘अग्र’, ‘स्वस्तिकाकार’ अशी विशेषणे लावून जो समास उभा राहतो तो उच्चारतानाच धाप लागते. ‘लिगामेंट’ हा शब्द खेळाडूंच्या तोंडी रुळला आहे. एकदा ‘हाडाला हाडाशी बांधणारा बंध’ असे सांगून पुढे तो खुशाल वापरावा. कबड्डीनेच ‘चढाई’, ‘पकड’, ‘निदानरेषा’ असे बांधेसूद शब्द मराठीला दिले आहेत. त्या खेळाच्या दुखापतींची भाषा मात्र इतकी ढिली असावी!

१९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉक्टरांना प्रथम माडिया शिकावी लागली होती. मराठी वाचणाऱ्या रुग्णाची भाषा शिकण्याची गरज मात्र कोणास भासत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांत ‘हलका व्यायाम करावा, जड काम टाळावे’ असे सर्रास लिहितात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद होते, त्या दिवसांत व्यायामतज्ज्ञाच्या जागी हेच वाक्य काम करते. आणि तेच दिवस धानाच्या रोवणीचे असतात. रोवणीत ओझे उचलायचे नसते. म्हणून ती जड कामात मोडत नाही, असा कास्तकाराच्या मुलाचा सरळ समज होतो. परंतु गुडघाभर चिखलात पाऊल अडकलेले आणि धड वळलेले, ही स्थिती नव्या कलमाला चढाईइतकीच घातक आहे. ‘चिखलात पाय रोवून वळू नये’ एवढी ओळ त्या पत्रकात असावयास हवी होती.