पडद्यावरचा इशारा, पुडीवरचा चेहरा

2013 साली ईद 9 ऑगस्टला आली होती. आमच्या घरात बासी ईदचा सिनेमा हा शिरखुर्म्याइतकाच जुना रिवाज. त्याप्रमाणे भाचे, पुतणे आणि त्यांचे दोस्त असा सगळा गोतावळा घेऊन आम्ही ‘चेन्नई एक्सप्रेस’ पाहायला गेलो. नवे कपडे, अत्तराचा वास, शिट्ट्या. दिवे मालवले आणि शाहरुख खानच्या आधी पडद्यावर मुकेश आला. नाकात नळी असलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा एक तरुण. आपण फक्त एक वर्ष गुटखा खाल्ला आणि आता तोंडाचा कर्करोग झाला आहे, असे तो सांगत होता. मागच्या रांगेतून कोणीतरी त्याच्या आवाजाची नक्कल केली आणि सगळे सभागृह हसले. पोरे हसली. खोटे कशाला सांगू, मीही हसलो.

मुकेश आपल्या भुसावळचा होता, हे मला फार उशिरा कळले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्याचे चित्रण झाले आणि 2009 मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. म्हणजे त्या दुपारी आम्ही ज्याला हसलो, तो चार वर्षांपूर्वीच मातीआड झालेला खानदेशातला एक पोरगा होता. ही गोष्ट तेव्हापासून मनात सलते आहे. पण नुसते स्वतःला बोल लावून प्रश्न संपत नाही. ज्या पडद्यावर आम्ही मुकेशला हसलो, त्या पडद्याच्या मालकांचा, निर्मात्यांचा आणि नायकांचा तंबाखूशी नेमका काय करार आहे, तेही तपासले पाहिजे.

थोडा इतिहास पाहू. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 2003 मध्ये झाला. त्याच्या आधारे 2005 मध्ये, अंबुमणी रामदास केंद्रीय आरोग्यमंत्री असताना, चित्रपटांत धूम्रपान दाखवण्यावरच बंदी घालणारे नियम निघाले. चित्रपटसृष्टी खवळली. दिग्दर्शक महेश भट्ट न्यायालयात गेले आणि जानेवारी 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. मग 2 ऑक्टोबर 2012 पासून मधला मार्ग निघाला. पात्राच्या हाती सिगारेट असेल तर दृश्याच्या तळाशी इशारा, आणि सिनेमाच्या आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्याची चित्रफीत. मुकेश आला तो याच नियमाचे बोट धरून.

या नियमालाही विरोध झाला. ‘ब्लू जॅस्मिन’मध्ये असे इशारे टाकावे लागतील म्हणून वुडी ॲलनने 2013 मध्ये तो चित्रपट भारतात प्रदर्शितच होऊ दिला नाही. ‘अग्ली’साठी अनुराग कश्यप मुंबई उच्च न्यायालयात भांडले आणि शेवटी 2014 च्या डिसेंबरात इशाऱ्यांसहच त्यांना चित्रपट आणावा लागला. त्यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. गिरणीच्या फाटकावरचा कामगार बिडी ओढत नाही असे दाखवणे म्हणजे गिरणीही खोटी आणि कामगारही खोटा. ‘हम दोनो’मधला देव आनंद आठवताना त्याच्या हातातला लायटर वेगळा काढता येत नाही. कलावंताला माणूस त्याच्या व्यसनांसकट दाखवता आला पाहिजे. एवढ्यापुरता मी भट्ट आणि कश्यप यांच्याच बाजूला उभा आहे.

प्रश्न पुढे सुरू होतो. सिगारेटच्या वादात या मंडळींकडून वारंवार ऐकू आलेला युक्तिवाद असा की, सिनेमा पाहून कोणी व्यसन लावून घेत नाही, प्रेक्षक सुजाण असतो, आम्ही फक्त समाजाचा आरसा दाखवतो. क्षणभर हे मान्य करू. मग हाच नायक पानमसाल्याच्या कंपनीशी करार करतो तेव्हा कंपनी त्याला पैसे कशाचे देते? आरशाचे? कंपनी पैसे देते ती या विश्वासावर की, हा चेहरा पाहून टपरीवरचा हात त्याच पुडीकडे जाईल. कायदा दारात आला की आमचा कोणावर प्रभाव नाही. जाहिरातदार दारात आला की आमच्या प्रभावाचा दर अमुक. या दोन्ही गोष्टी एका तोंडाने कशा बोलता येतील?

पडद्यावरच्या वस्तूचा अर्थ किती खोल जातो, हे हिंदी सिनेमाला कोणी शिकवायला नको. आपल्याला तर ते चांगलेच ठाऊक आहे. मुस्लिम मोहल्ला उभा करायचा तर डोळ्यांत सुरमा, पानाने रंगलेले ओठ, कोपऱ्यात हुक्का आणि पिंकदाणी. संवाद सुरू होण्याआधीच पात्राची जात, दर्जा आणि नियत ठरून जाते. एखाद्याला गुंड म्हणून ओळखता यावे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे त्याच्या हाती बिडी दिली किंवा त्याच्या गालात तोबरा भरला, त्यांनी चित्राचा परिणाम होत नाही असे म्हणू नये.

परिणाम होतो, आणि तो भल्यासाठीही होतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण पोलिओचे आहे. अमिताभ बच्चन यांनी दूरचित्रवाणीवर येऊन, कधी समजावून तर कधी रागावून, मुलांना डोस पाजायला सांगितले. त्या काळात उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागातल्या मुस्लिम वस्त्यांत डोसाविषयी नाना अफवा होत्या. दारे बंद होत होती. ती उघडली एकट्या बच्चनसाहेबांनी नव्हे. गल्लीगल्लीत फिरणाऱ्या कार्यकर्त्या, मशिदींचे इमाम आणि अलीगढ, जामिया मिलिया यांसारख्या विद्यापीठांतली माणसे यांनी ते काम केले. पण पडद्यावरच्या त्या ओळखीच्या आवाजाचाही वाटा होता, हे कोण नाकारेल? जानेवारी 2011 मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शंका असलेल्या आयांनी आपल्या लेकराचे तोंड उघडले, ते कोणावर तरी विश्वास टाकून. हा विश्वास त्या चेहऱ्यापाशी जमा झालेली ठेव होती. ती ठेव लोकांची होती.

2021 मध्ये हाच चेहरा ‘कमला पसंद’च्या जाहिरातीत दिसला. एका चाहत्याने समाजमाध्यमावर विचारले तेव्हा त्यांनी, आपल्यालाही यातून पैसे मिळतात, असे सरळ उत्तर दिले. तंबाखूविरोधी संघटनेने पत्र पाठवले, टीका झाली आणि 11 ऑक्टोबरला, वाढदिवसाच्या दिवशी, त्यांच्या कार्यालयाने करार संपवल्याचे व पैसे परत केल्याचे कळवले. ही जाहिरात आडवाटेने दुसऱ्याच मालाची होते हे करार करताना माहीत नव्हते, असा खुलासाही झाला. पैसे परत केले हे चांगलेच झाले. पण पन्नास वर्षे याच धंद्यात काढलेल्या माणसाला पानमसाल्याच्या पुडीशेजारी टपरीवर काय टांगलेले असते हे माहीत नसावे, यावर विश्वास ठेवणे जड जाते.

दुसरे उदाहरण अक्षय कुमार यांचे. ‘पॅडमॅन’ 2018 मध्ये आला. त्याच वर्षापासून सिनेमागृहांत नंदू दिसू लागला. रुग्णालयाबाहेर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या नंदूला अक्षय कुमार समजावतात की, फू फू करण्यात मर्दुमकी नाही, या पैशांत बायकोसाठी सॅनिटरी पॅड येतील. संदेश मोलाचा आहे. पण मांडणी पाहा. शहाणपण सगळे नायकापाशी आणि अडाणीपण सगळे नंदूपाशी. नंदूच्या खिशातल्या पैशांचा हिशेब नायक मांडतो, नायकाच्या खिशाचा हिशेब नंदूने विचारायचा नाही. एप्रिल 2022 मध्ये हेच अक्षय कुमार अजय देवगण आणि शाहरुख खान यांच्यासोबत ‘विमल’च्या वेलचीच्या जाहिरातीत अवतरले. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली, माघार घेतली, मानधन सत्कार्याला देण्याचे कबूल केले. मात्र कराराची मुदत असेपर्यंत जाहिरात दिसत राहू शकेल, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे पडद्यावर नंदूला उपदेश करणारा आणि पुडीची शिफारस करणारा चेहरा एकच, आणि दोन्ही वेळा प्रेक्षक नंदूच.

वेलची हा शब्दही नीट समजून घ्यावा लागेल. तंबाखूची जाहिरात करता येत नाही म्हणून त्याच नावाने, त्याच रंगाच्या वेष्टनात वेलची येते. 2012 च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. त्यावर व्यापाऱ्यांनी काढलेली युक्ती अशी की पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. गिऱ्हाइकाने दोन्ही तळहातावर ओतून एक केल्या की गुटखा तयार. कायद्याने वेगळ्या केलेल्या गोष्टी टपरीवर दोन क्षणांत एकत्र येतात, आणि त्यांच्यामधले नाते लोकांना विसरू न देण्याचे काम नायकाचा चेहरा करतो. शिवाय नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे तंबाखू नसलेला पानमसाला निरुपद्रवी, हा बचावही टिकत नाही.

आता आकडे पाहा. 2016-17 च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ 10.7 टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे 21.4 टक्के. महाराष्ट्रात तर ओढणारे 3.8 टक्के आणि खाणारे 24.4 टक्के. पडद्यावरचा सगळा वाद सिगारेटभोवती फिरत राहिला. दृश्याच्या तळाशी इशारा येतो तो बहुधा नायकाच्या सिगारेटखाली. आपल्या गल्लीत मृत्यू येतो तो मात्र पुडीतून. सिगारेटसाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई झाली, निकालपत्रे लिहिली गेली. पुडीसाठी कोणाला लढावे लागले नाही. तिला नायकांनी वेलचीच्या नावाने मिरवत आणले.

पुडी का खाल्ली जाते, हे मी घरात पाहिले आहे. माझे एक मामू मालेगावला साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होते. बारा तासांची पाळी, रात्रीची असली तर डोळा लागायची भीती. सुताचे तंतू उडत असलेल्या शेडमध्ये बिडी पेटवता येत नाही. दोन्ही हात कामात. गालात तंबाखूची चिमूट धरली की झोपही मरते आणि भूकही. मामूंना उपदेश करणारे पुष्कळ भेटले. पाळी आठ तासांची कर म्हणून मालकाला सांगणारा कोणी भेटला नाही. आरोग्याचा संदेश असा नेहमी खालच्या दिशेने वाहतो, आणि पुडीचा पैसा वरच्या दिशेने.

या दुटप्पीपणात सरकारही मागे नाही. एक मंत्रालय इशारे लिहिते, दुसऱ्या मंत्रालयाखाली तंबाखू मंडळ चालते, आणि आयुर्विमा महामंडळाचा पैसा सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या समभागांत असतो. आणि आपण? आपल्या मोहल्ल्यात मशिदीच्या वळणावरच्या टपरीवर बंदी असलेली पुडी कोण विकतो आणि कोण घेतो, हे आपल्याला माहीत नाही काय? जुम्म्याच्या बयानात सिनेमाच्या नावाने बोटे मोडली जातात आणि बाहेर पडताच पुडी फाडली जाते. शादीच्या दावतीत सुपारीचे तबक फिरले नाही तर पाहुणे रुसतात. नायकांकडे बोट दाखवताना आपले तोंड आधी धुतलेले असावे.

तरीही जबाबदारी सारखी नाही. ज्याचा आवाज लाखोंना ऐकू जातो त्याचा वाटा मोठा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिच्यातल्या नामवंताला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची आणि जाहिरातबंदीची तरतूद केली. जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी आडवाटेच्या जाहिरातींना मनाई केली. कायदा आहे. पण माझी अपेक्षा कायद्याच्या अलीकडची आहे. चित्रपटसृष्टीने एक काहीतरी ठरवावे. सिनेमाचा प्रभाव पडत नाही म्हणत असाल तर जाहिरातीचे पैसे घेऊ नका आणि नंदूला उपदेशही करू नका. पडतो म्हणत असाल तर नफ्याबरोबर त्याचे ओझेही उचला.

शेवटी पुन्हा मालेगावच. ज्या शहरात साच्यावरचे मजूर शुक्रवारी सुटीच्या दिवशी सिनेमाला गर्दी करतात, तिथे शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’सारखे सिनेमे हौसेने आणि तुटपुंज्या पैशांत काढले. त्यांच्या ‘सुपरमॅन’चा नायक होता शफीक शेख. साच्यावर काम करणारा हडकुळा तरुण, अंगात निळा पोशाख, पाठीवर लाल कापड. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे तो जगाने पाहिला. 2011 मध्ये तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. मोठ्या पडद्याने त्याची गोष्ट 2025 मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’मधून सांगितली, आणि लोक ती पाहून रडले.

शफीकसाठी रडणारे आणि मुकेशला हसणारे प्रेक्षक आपणच. दोघेही खानदेशच्या वाटेवरचे, दोघेही आपल्याच वयाच्या कोणाचे तरी भाऊ. माझा तो पुतण्या आता दोन मुलांचा बाप आहे. परवा त्याच्या खिशात पुडी सापडली. मी काही बोलण्याआधीच त्याने हसून वेष्टनावरचा चेहरा मला दाखवला. “चाचा, हा खातो का हो खरंच?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “नाही रे. तो फक्त विकतो.” पुडी त्याने खिशात परत ठेवली नाही, एवढे मात्र मी पाहिले.