आंबेनळीचा कॅम

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन नव्यानं बांधायला काढलं की बोअर, क्रँक आणि बेअरिंग यांचे निर्णय मायक्रोमीटरच देऊन टाकतो. झीज मोजायची आणि पुढचं ओव्हरसाइझ मागवायचं. कॅमशाफ्टचं तसं नाही. तिथे कान लागतो, आवड लागते आणि गाडी कोणत्या रस्त्यावर धावणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. माझ्यापुरता तो रस्ता ठरलेला आहे: पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर.

पद्मिनीसारख्या टॅक्सीच्या इंजिनाला स्पोर्ट्स कारचा विचार कशाला, असं कुणी विचारेल. त्यानं या इंजिनाचं घराणं पाहावं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75चा स्ट्रोक, 1089 सीसी. हे माप 1937च्या फियाट 508 सीचं, म्हणजे दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हातचं. युद्ध संपल्यावर पिएरो दुझिओनं हेच इंजिन घेऊन चिसितालिया गाड्या उभ्या केल्या. 1947 साली पावसात झालेल्या मिल्ले मिल्याच्या शर्यतीत वयस्क शर्यतपटू ताझिओ नुवोलारी चिसितालिया 202 घेऊन दुसरा आला. पिनिन फरिनानं बांधलेली 202 कूपे 1951 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं मोटारींच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे तशी एक गाडी कायमची आपल्याकडे ठेवली. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात दशकानुदशकं बनवलं. पद्मिनीत ते चाळीसच्या आसपास अश्वशक्ती द्यायचं, चिसितालियात पंचावन्नच्या पुढे. या फरकाला कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटर कारण होतेच, पण त्यांना काम करू देणारा कॅमच.

कॅमशाफ्टचा एक लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, घ्या आणि त्यावरून बोट फिरवा. आधी निव्वळ गोल भाग लागतो, बेस सर्कल. तिथे व्हॉल्व्ह बंद असतो आणि आपली उष्णता सीटला देत असतो. मग येतो रॅम्प. नजरेला तो जवळजवळ दिसतच नाही, पण घडवणाऱ्याचं खरं कसब तिथे असतं. टॅपेटची मोकळीक हलकेच संपवायची आणि परततानाही व्हॉल्व्ह सीटवर आपटू द्यायचा नाही. रॅम्प घाईचा असला तर टॅपेट वाजतात आणि सीट मार खाते. पुढे फ्लँक, जिथे व्हॉल्व्हला वेग मिळतो. शेवटी नाक, जिथे स्प्रिंग त्याला आवरून माघारी वळवते. नाक फार टोकदार असेल तर तेवढ्याशा जागेवर दाब एकवटतो आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. चांगल्या लोबवर बोटाला एकही जागा अशी सापडत नाही की जिथे वळण सुरू झालेलं कळावं. एका सुरातून दुसऱ्या सुरावर जाणारी उत्तम मींड असते तसं ते वळण असतं.

कॅटलॉगमध्ये लोक आधी लिफ्ट पाहतात, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, मग ड्युरेशन, म्हणजे तो किती अंश उघडा राहतो ते. मी आधी एकच आकडा शोधतो: इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो? पिस्टन तळाला पोचून वर वळला तरी हा व्हॉल्व्ह उघडाच असतो. वेगानं आत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो आणि पिस्टन वर येत असतानाही ती सिलिंडरमध्ये घुसत राहते. हा जोर फेऱ्यांवर अवलंबून. 250 अंश उघडा राहणारा व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 फेऱ्यांवर सुमारे 28 मिलिसेकंद उघडा असतो, 5500वर जेमतेम साडेसात. पहिल्या वेळी हवा निवांत आहे, दुसऱ्या वेळी धावत आहे, आणि लोब दोघींसाठी एकच.

तळानंतर 45 अंशांवर व्हॉल्व्ह मिटला तर तोवर पिस्टन स्ट्रोकचा साधारण नववा हिस्सा चढलेला असतो. 70 अंशांवर मिटला तर चौथ्या हिश्शाहूनही जास्त. कमी फेऱ्यांवर एवढ्या वेळात आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डकडे ढकललं जातं. कागदावरचं कॉम्प्रेशन तसंच राहतं, सिलिंडरमध्ये मात्र ते उरत नाही. म्हणून लांब ड्युरेशनचा कॅम घालणाऱ्याला हेड तासून कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. नुसता कॅम बदलून गाडी आधीपेक्षा मंद झाल्याची तक्रार येते ती यामुळेच.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडलेला असतो तो अवधी. शर्यतीच्या कॅमचं सौंदर्य इथे आहे आणि ते मला मनापासून मान्य आहे. चढ्या फेऱ्यांवर बाहेर पळणारा जळका वायू नव्या मिश्रणाला मागोमाग ओढून घेतो, इंजिन एकदम मोकळं होतं आणि आवाजाला धार येते. 1100 सीसीचं छोटं इंजिन 5500च्या पुढे असं गाऊ लागलं की चिसितालिया का जिंकायच्या हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण तोच ओव्हरलॅप आयडलिंगला जळका वायू इनटेकमध्ये परत सोडतो. इंजिन लंगडतं, आणि एकाच कार्बोरेटरवर ते सावरणं अवघड.

आता आंबेनळी. पोलादपूर कोकणात, घाटाच्या पायथ्याशी, महाबळेश्वर 1372 मीटरवर, मधे साधारण 40 किलोमीटरचा रस्ता आणि प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत वळणांवर वळणं. भरलेली पद्मिनी इथे बराच काळ दुसऱ्या गिअरवर तीस-पस्तीसच्या वेगानं चढते, इंजिन अडीच ते तीन हजारांत. अवघड वळणावर समोरून एसटी आली की फेरे दीड हजारावर येतात, आणि तिथून पहिला न टाकता गाडीनं उचललं पाहिजे. वर पोचेपर्यंत हवाही सुमारे आठव्या हिश्शानं विरळ होते, म्हणजे मुळात कमी असलेली ताकद आणखी घटते. या रस्त्यावर 5500चं गाणं ऐकायला जागाच नाही. सगळी मैफल 1500 ते 3500 मध्ये.

म्हणून माझा कौल कारखान्याच्या कॅमच्या जवळ राहणाऱ्या लोबला आहे. इनटेक तळानंतर 50 अंशांच्या आसपास मिटावा, ड्युरेशन 250च्या पुढे फारसं जाऊ नये, ओव्हरलॅप मोजका असावा. लिफ्ट थोडी वाढली तर चालेल, कारण ती मधल्या फेऱ्यांवर देते बरंच आणि खाली फारसं नेत नाही. ज्यांची गाडी महामार्गावर किंवा ट्रॅकवर धावणार आहे त्यांनी मोठा कॅम जरूर घ्यावा, पण कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटर यांच्यासह. अर्धा बदल कुठल्याच रस्त्याचा नसतो.

निवड झाल्यावरही अर्धं काम उरतं. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. कुणी ड्युरेशन व्हॉल्व्ह हलल्यापासून मोजतो, कुणी टॅपेट 50 थाऊ (इंचाचे हजारांश) उचलल्यापासून, आणि फरक कितीतरी अंशांचा पडतो. क्रँकवर डिग्री प्लेट आणि टॅपेटवर डायल गेज लावून स्वतः मोजा. चेनच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग लागलं असं होत नाही. तोच कॅम दोन-चार अंश पुढे लावला तर घाटातली ओढ जाणवण्याइतकी वाढते, आणि तेही फुकट.

नव्या कॅमखाली जुने टॅपेट कधीही बसवू नका. प्रत्येक टॅपेट आपापल्या लोबबरोबर झिजून जुळलेला असतो, दुसऱ्या लोबवर तो काही तासांत दोघांचाही घात करतो. लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की आयडलिंगला सोडू नका, कारण तेव्हा लोबवर तेल कमी पडतं आणि स्प्रिंगचा भार पूर्ण असतो. पहिली वीस मिनिटं फेरे 2000च्या आसपास ठेवा. आणि तेल असं घ्या ज्यात जस्ताचं संयुग पुरेसं आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या बहुतेक तेलांत ते कमी केलेलं असतं.