परशु गेला, मोदक राहिला

पनवेलहून रोह्याला निघालेली गाडी आपटा सोडल्यावर जित्याला थांबते, मग हमरापूर, मग पेण. दर्शनशास्त्रांची आठवण व्हावी असं या पट्ट्यात वरकरणी काहीच नाही. तरीही दर्शनं ज्यांनी मनावर घेतली अशी तीन मोठी माणसं याच टापूत जन्मली. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा, रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले, आणि त्यांच्याआधी १८७७ साली जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्याच सुडकोलीत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती. तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मराठीत आज दर्शनांचं काय झालंय हे समजायचं तर त्या वाटा कुठे फुटल्या तिथून सुरुवात करणं बरं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठीत दर्शनं भरपूर ऐकली जातात, लढवली मात्र जात नाहीत. समोरच्याचं मत त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचं, त्याला पटेल असं मांडायचं आणि मगच खोडायचं, याला शास्त्रकार पूर्वपक्ष म्हणत. ती कला आपल्याकडे होती आणि ती आटली.

हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांतून निघणारा गणपती बहुधा चार हातांचा असतो. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणपती सहा हातांचा आहे, आणि ते सहा हात म्हणजे सहा दर्शनं. या हातांत आयुधं का, तर या दर्शनांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून, असं ज्ञानेश्वर स्वच्छ सांगतात. परशु तर्काचा, अंकुश नीतिभेदाचा, मोदक वेदान्ताचा, आणि एका हातात मोडलेला दात, तो बौद्धमताचा, वार्तिककारांनी मोडलेला. कोणता हात कोणत्या दर्शनाचा यावर टीकाकारांचं एकमत नाही, ते असो. लक्षात घ्यायचं ते हे की तेराव्या शतकातला हा तरुण कवी ग्रंथाच्या मंगलाचरणातच मतभेद देवाच्या हातात देतो. पुढे हे रूपक प्रवचनांतून रंगवून सांगितलं गेलं. मोदकाची गोडी सर्वांच्या ध्यानात राहिली, परशु कशासाठी होता ते विसरलं.

हा केवळ रूपकाचा हौशी खेळ नव्हता, याची साक्ष अमृतानुभव देतो. त्यातलं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं, आणि ग्रंथातलं सर्वांत मोठं तेच. अज्ञान नावाची काही वस्तू आहे, ती आत्म्याला झाकते आणि त्यातून जग दिसतं, ही मायावादाची मांडणी ज्ञानेश्वर चारही बाजूंनी तपासतात. अज्ञान ज्ञानात राहतं म्हणावं तर ज्ञान ज्ञानच उरत नाही; स्वतंत्र राहतं म्हणावं तर त्याला जाणणार कोण? विसाव्या शतकात शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांना शंकराचार्यांच्या पंगतीला बसवलं, भा. पं. बहिरट यांच्यासारख्यांनी ते चिद्विलासवादी, म्हणजे जग हा चैतन्याचाच विलास मानणारे, असल्याचं दाखवलं, आणि काही काळ मराठीत खराखुरा वाद झाला. त्या वादातले लेख आजही वाचनीय आहेत, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या ओव्यांचा हिशोब द्यावा लागला.

ज्ञानेश्वरांच्याच शतकातलं दुसरं उदाहरण तर मराठी माणूस दर्शनांच्या यादीत धरतच नाही. चक्रधरांची वचनं केशिराजबासांनी सूत्रांत बांधली. पुढच्या महानुभाव आचार्यांनी त्यांवर विचारस्थळ, आचारस्थळ, लक्षणस्थळ असे भाष्यग्रंथ रचले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ, चारही नित्य आणि एकमेकांपासून वेगळे, असा हा ठाम द्वैतवाद. सूत्र आहे, भाष्य आहे, पारिभाषिक शब्दांचा काटेकोरपणा आहे, आणि सगळं मराठी गद्यात. एखाद्या दर्शनाला आणखी काय लागतं? पण भारतीय तत्त्वज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकात मध्वाचार्यांना जागा मिळते, चक्रधरांना नाही. ते वाङ्मयेतिहासाच्या पेपरात जातात.

पाठ्यपुस्तकांवर एवढा राग का, ते एका उदाहरणावरून कळेल. पावसाळ्यापूर्वी पेण-पनवेलच्या डोंगरकडेला शेतकरी राब भाजतात. दूरवर धूर दिसला की खाली उभा असलेला माणूस म्हणतो, तिथे राब पेटलाय. हे अनुमान. चार्वाक विचारतो: जिथे धूर तिथे विस्तव हा नियम तू कसा मिळवलास? पाहिलेस ते धूर मोजके. उद्याचे, परमुलखातले, तुझ्या जन्माआधीचे धूर तू पाहिले नाहीस. नियम अनुमानाने मिळाला म्हणशील तर त्या अनुमानाला पुन्हा नियम हवा. हा पेच साधा नाही. उदयनाचार्य न्यायकुसुमांजलीत उत्तर देतात की ज्या परदेशाची आणि पुढच्या काळाची शंका तू काढतोस तो परदेश, तो काळ तुला अनुमानाशिवाय कळला कुठून? शिवाय शंका ताणायलाही मर्यादा आहे. धूर हवा असला की तूही विस्तवच पेटवतोस. जिथे तुझी शंका तुझ्याच वागण्याला खोटं पाडते तिथे ती थांबते. मग बाराव्या शतकात श्रीहर्ष येतो आणि उदयनाचं उत्तर जवळजवळ त्याच्याच शब्दांत उलटं फिरवून त्याच्या अंगावर टाकतो: विरोध असलाच तर शंका आधीच हजर आहे, मग विरोधानं ती थांबवणार कशी? त्याला गंगेशाचं उत्तर तत्त्वचिंतामणीत आहे. म्हणजे एका धुरावरून काही शतकं चाललेलं हे भांडण, आणि त्यातला प्रत्येक जण आधीच्याला अक्षरशः पाठ म्हणून दाखवतो.

आता हेच क्रमिक पुस्तकात कसं येतं? चार्वाक एक प्रमाण मानतो, वैशेषिक दोन, सांख्य तीन, न्याय चार, पुढे मीमांसेचे पाच नि सहा. कोळणीनं पाटीवर वाटे लावावेत तशी नऊ दर्शनं शेजारी शेजारी मांडलेली, सगळे वाटे सारख्या मापाचे. मापात चूक नाही. पण कुणी कुणाला काय विचारलं हे गळलं की उरते ती परीक्षेची यादी. श्रीनिवास दीक्षितांचं पुस्तक त्या मानानं बरंच नेटकं आहे, आणि दे. द. वाडेकरांनी संपादिलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) तर मराठीचं भूषणच. ग. ना. जोशींनी भारतीय तत्त्वज्ञानाचा बृहद् इतिहास लिहिला, एकट्या माणसानं एवढं काम केलं याचं कौतुक करावं तेवढं थोडं. साधनं नाहीत अशी तक्रार करायला जागा नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सर्वदर्शनसंग्रहावर दर्शनांकुर ही टीका लिहून भांडारकर संस्थेकडून १९२४ साली छापली, पण ती संस्कृतात. माधवाचार्यांच्या त्या ग्रंथाची रचनाच वादाची: चार्वाकापासून सुरुवात, प्रत्येक पुढचं दर्शन मागच्याला खोडत शेवटी शांकरमतापर्यंत. क्रमिक पुस्तकांनी त्यातली दर्शनं घेतली, पायऱ्या काढून टाकल्या.

तर आता विनोबा. १९१७च्या सुमारास गांधीजींकडून रजा घेऊन ते वाईला गेले आणि नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शिकले. १९१८ साली गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अभ्यासाचा हिशोब दिला आहे. उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं, मनुस्मृती, पातंजल योग, ही पहिली यादी. न्यायसूत्रं आणि वैशेषिकसूत्रं दुसऱ्या यादीत, आपली आपण वाचलेली. पुढच्या साठ वर्षांत विनोबांचं लेखन पहिल्या यादीवरच चाललं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीता प्रवचनं मराठी गद्याचा उत्तम नमुना आहेत, पण त्यांत प्रतिपक्ष नाही. विनोबांचा स्वभाव समन्वयाचा. बोधगयेचा समन्वय आश्रम, त्यांच्या प्रेरणेनं सिद्ध झालेला जैनांचा समणसुत्तं, धम्मपदाची नवी मांडणी, सगळीकडे जोडणं हाच धर्म. शांकरसूत्रातलं जगाचं मिथ्यात्व काढून त्यांनी तिथे स्फूर्ती ठेवली. एवढा मोठा फेरफार! शंकराचार्यांच्या शिष्यानं यावर निदान चाळीस पानांचं भाष्य मागितलं असतं. विनोबा मागतही नाहीत, देतही नाहीत. पायी हिंडणाऱ्या माणसाकडून ते मागणं कदाचित अन्यायाचं असेल, पण त्यांच्यामागून आलेल्या मराठी लेखकांनी समन्वय उचलला आणि दुसरी यादी उघडलीच नाही, हे खरं.

पांडुरंगशास्त्र्यांना न्याय-वेदान्ताचं रीतसर पारंपरिक शिक्षण मिळालं होतं. १९५४ साली जपानमधल्या सर्वधर्म परिषदेत बोलून आल्यावर दोन वर्षांत त्यांनी ठाण्याला तत्त्वज्ञान विद्यापीठ काढलं. नाव तत्त्वज्ञानाचं होतं, पण त्यांची खरी प्रतिभा फुलली ती दुसरीकडे: योगेश्वर कृषी, मच्छीमारांची मत्स्यगंधा, गावोगावच्या भक्तिफेऱ्या. माझ्यातला देव तुझ्यातही आहे, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी किनाऱ्यावरच्या माणसाला ताठ उभं केलं. मॅगसेसे (१९९६) आणि टेम्पल्टन (१९९७) पुरस्कार त्या कामाचे. मात्र शास्त्र्यांकडून एखादा न्यायाचा ग्रंथ आपल्याला मिळाला नाही, आणि हे आपण विसरून गेलो की असा ग्रंथ लिहू शकणारा माणूस रोह्यानं दिला होता.

पेण-अलिबागच्या आगरी-कोळी गावांत दर्शनाची भाषा खरोखर रोजची झाली ती दासबोधाच्या बैठकीतून. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेली ही निरूपणं आठवड्याला नेमानं ऐकणारी माणसं पंचवीस तत्त्वांचा झाडा सहज करतात. पंचवीस ही संख्या सांख्यांची, पण हिशोब निराळा. सांख्यांच्या पंचविसांत प्राणांना वेगळी जागा नाही, दासबोधात प्राणपंचक आहे. मुख्य फरक यापुढचा: सांख्य तत्त्वं मोजतो ती खरी आहेत म्हणून, रामदास मोजतात ती निरसण्यासाठी. कपिलाची मोजणी वेदान्ताच्या पेढीवर जमा झाली आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. (ईश्वरकृष्णाच्या कारिकांतली ईश्वर नाकारणारी एक आर्या गळली आहे, असं म्हणून ती गौडपादभाष्यावरून पुन्हा जुळवणारे टिळक या बाबतीत अधिक दक्ष होते.) दासबोधात श्रोता पदोपदी आशंका घेतो, वक्त्याला अडवतो. आज निरूपण ऐकायचं असतं, अडवायचं नसतं.

आयुध आयुधासारखं वापरलं ते केवलानंदांनी. मीमांसा हे दर्शन सगळ्यांत रुक्ष म्हणून बदनाम. वाक्याचा अर्थ कसा लावायचा, दोन विधी भिडले तर कोणता बलवान, याचं ते शास्त्र. सात खंडांचा मीमांसाकोश करणाऱ्या या संन्याशानं तेच शास्त्र धर्मसुधारणेच्या कामी जुंपलं. सनातन्यांना सनातन्यांच्याच नियमांनी उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले आणि मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर शास्त्रार्थ घेऊन गांधीजींच्या बाजूनं उभे राहिले. हिंदुधर्माची समीक्षा हे त्यांचं पुस्तक पूर्वपक्ष नीट मांडणाऱ्या मराठी ग्रंथांत मी पहिलं धरीन. त्याच परंपरेतले, नवभारत मासिकाचे संपादक मे. पुं. रेगे यांनी दया कृष्ण यांच्यासह १९८३ साली पुण्यात एक विलक्षण प्रयोग केला. बद्रीनाथ शुक्लांसारख्या नैयायिकांसमोर रसेलचा विधानविचार पूर्वपक्ष म्हणून ठेवला आणि त्यांच्याकडून उत्तर मागितलं. पंडित बिचकले नाहीत. त्यांनी रसेलला उदयनासारखंच तपासलं. हा संवाद १९९१ साली ग्रंथरूपानं आला, पण मराठी वाचकाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं.

चार्वाकाची कथा उलट आहे. सदाशिव आठवले, आ. ह. साळुंखे यांच्यामुळे चार्वाक मराठीत चांगलाच जिवंत आहे, पण तो ब्राह्मण्याला जाब विचारणारा चार्वाक. वरच्या धुराचा पेच घालणारा, ज्ञानाच्या साधनांवरच बोट ठेवणारा चार्वाक मागे राहिला. प्रदीप गोखल्यांनी लोकायतावर बारकाईनं लिहिलं, तेही इंग्रजीत, २०१५ साली.

या साऱ्यात सर्वांत धारदार पूर्वपक्ष अनपेक्षित ठिकाणी सापडतो. महाडचं चवदार तळं याच रायगडातलं. तिथे १९२७ साली उभे राहिलेले बाबासाहेब तीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच बौद्ध परंपरेपुढे प्रश्न ठेवतात. त्यातला एक असा: आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? नैयायिक शतकानुशतकं बौद्धांना हेच विचारत आले. केलं एकानं, भोगलं दुसऱ्यानं, असं होईल, हा त्यांचा आक्षेप. वसुबंधूनं अभिधर्मकोशाच्या अखेरीस क्षणांच्या संतानाचा सिद्धान्त मांडून त्याला उत्तर दिलं आहे. बाबासाहेबांनी स्वतःचं वेगळं उत्तर काढलं. वसुबंधूचं उत्तर, बाबासाहेबांचं उत्तर आणि उदयनाचा आक्षेप, हे तिन्ही एका जागी ठेवून मराठीत अजून कुणी निवाडा केल्याचं माझ्या वाचनात नाही. करायचा झाला तर लेखक एक पुरणार नाही. उदयनाच्या बाजूनं मनापासून भांडणारा दुसरा माणूस लागेल, आणि दोघांनाही छापणारा संपादक.