खर्ड्याचे पुनर्लेखन आणि निवेदकाची निवड : ‘क्राइम अँड पनिशमेंट’च्या संदर्भात

कादंबरीच्या खर्ड्याचे संस्करण म्हणजे भाषेची सफाई आणि पाल्हाळाची छाटणी, असा सर्वसाधारण समज आढळतो. दोस्तोयव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ची निर्मितिप्रक्रिया पाहता तो अपुरा ठरतो.

सप्टेंबर १८६५ मध्ये वीसबाडेनहून त्याने संपादक कात्कोव्ह यांना कळवलेली योजना पाच-सहा छापील फर्म्यांच्या दीर्घकथेची होती. जुगारात पैसा गमावलेल्या लेखकाला आगाऊ मानधनाची निकड होती. तरीही नोव्हेंबरअखेर बराच मजकूर तयार असताना त्याने तो जाळला, असे त्याने व्ह्रांगेल या मित्राला फेब्रुवारी १८६६ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून कळते. तोवर ‘रुस्की व्हेस्तनिक’मधून नव्याने लिहिलेली कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती.

नोंदवह्यांतील आरंभीच्या खर्ड्यांत खुनी स्वतःच बोलतो. तृतीय पुरुषी निवेदनाकडे वळताना लेखकाने स्वतःला एक अट घातलेली दिसते : निवेदक सर्वज्ञ असावा, पण त्याने नायकाला क्षणभरही सोडू नये. (छापील कादंबरीत ही अट पूर्णपणे पाळलेली नाही, स्विद्रिगाइलोव्हच्या अखेरच्या रात्री निवेदक त्याच्यासोबत आहे.) या बदलाचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. आत्मनिवेदनात रस्कोल्निकोव्हला आपल्या कृत्याचा हेतू सांगावाच लागला असता, आणि संपूर्ण कादंबरी त्या एका स्पष्टीकरणाच्या आधीन झाली असती. आता दारिद्र्य, आई-बहिणीची चिंता, ‘असामान्य’ माणसाचा सिद्धान्त ही कारणे एकामागून एक पुढे येतात आणि एकही पुरेसे ठरत नाही. सोन्यापुढे तो स्वतःच ती मांडतो आणि स्वतःच मोडीत काढतो. म्हणजे कबुली नाहीशी झालेली नाही. जी सबंध कथेचे रूप होती, ती आता एका प्रसंगात, ऐकणाऱ्या माणसासमोर घडते. ऐकणारी सोन्या नसती, तर त्या कारणांचा पोकळपणा इतका उघडा पडला नसता.

दुसरे पुनर्लेखन सक्तीचे होते. चौथ्या भागातील बायबल-वाचनाच्या प्रकरणात कात्कोव्ह आणि ल्युबिमोव्ह यांना नीतिबाह्यता व शून्यवादाची छाया दिसली. ते पुन्हा लिहिण्यास निदान तीन नव्या प्रकरणांइतके श्रम पडल्याचे दोस्तोयव्हस्कीने जुलै १८६६ मध्ये मिल्युकोव्हला कळवले. मूळ पाठ आज उपलब्ध नाही. पुढे नाबोकोव्हने आपल्या व्याख्यानांत याच प्रकरणातील, खुनी आणि वेश्या यांना पवित्र ग्रंथासमोर एकत्र आणणाऱ्या वाक्यावर कठोर टीका केली. ते वाक्य पहिल्या लेखनात होते की तडजोडीत आले, हे ठरवण्याचे साधन उरलेले नाही. त्यामुळे या प्रकरणाच्या आधारे लेखकाच्या भाबडेपणाविषयी काढलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावे लागतात. मात्र १८६७ च्या ग्रंथरूप आवृत्तीतही मूळ पाठ परतला नाही, हेही विसरता येत नाही. दोष सर्वस्वी संपादकांच्या माथी मारणे म्हणूनच कठीण आहे.